कुलूप दोन मिलिमीटरांचे, भरवसा सगळ्या पिस्तुलाचा

१९८४ साली अमेरिकन सैन्याने नव्या ९ मिलिमीटर पिस्तुलासाठी चाचण्या घेतल्या. बऱ्याच कंपन्यांनी नमुने पाठवले होते, पण सगळ्या कसोट्यांतून पार पडले दोनच : इटलीच्या बेरेटाचे ९२ आणि सिगचे पी२२६. बेरेटाची नळी सरळ मागे सरकते आणि तिच्या पोटाखाली बसवलेला पोलादी ठोकळा खाली झुकला की ती स्लाइडपासून, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागापासून, सुटते. सिगमध्ये असा वेगळा ठोकळा नाही; नळीचे मागचे टोकच खाली उतरते. यंत्ररचनेच्या दृष्टीने ही दोन निराळी घराणी आहेत. तरीही दोन्ही पिस्तुले लष्कराच्या विश्वसनीयतेच्या अटींत बसली आणि शेवटचा निकाल लागला तो मॅगझीन व सुटे भाग धरून होणाऱ्या एकूण किमतीवर. जानेवारी १९८५ मध्ये बेरेटाची निवड झाली. पिस्तुलांची चर्चा निघाली की एक प्रश्न हटकून पुढे येतो : गोळी सुटताना नळी आणि स्लाइड यांना जखडून ठेवणारी सर्वांत भरवशाची रचना कोणती? गेल्या सव्वाशे वर्षांचा पुरावा पाहिला, तर हा प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतो असे माझे मत आहे. पिस्तूल अडेल की चालेल यात जखडणाऱ्या या रचनेच्या, म्हणजे कुलपाच्या, प्रकाराचा वाटा लहान असतो. ते अडलेच किंवा मोडलेच, तर कुठे मोडेल आणि कशाने अडेल, हे मात्र कुलूप ठरवते.

आधी कुलूप लागतेच कशाला, हे आकड्यांत पाहू. ९ मिलिमीटर पॅराबेलम काडतुसाचा कमाल दाब युरोपीय मानकानुसार २३५ मेगापास्कल. हा दाब पुंगळीच्या बुडावर पडला की सुमारे दीड टन वजनाइतका जोर स्लाइडला मागे रेटतो. हा जोर टिकतो मात्र अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. गोळी साधारण ८ ग्रॅमची, आणि तिला नळीत सुमारे १० सेंटिमीटर अंतर कापायचे असते. नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतील, तर दोघींचे मिळून वजन ४५० ते ५०० ग्रॅम भरते. गोळीला जेवढा संवेग पुढे मिळतो तेवढाच या जोडीला मागे मिळतो, म्हणून अंतरे वजनांच्या व्यस्त प्रमाणात वाटली जातात : गोळी १० सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत जोडी मागे सरकते जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. कुलपाचे खरे काम एवढ्याशा अंतरात आटोपते. गोळी बाहेर पडताच दाब कोसळतो, आणखी मिलिमीटरभर प्रवासानंतर नळी सुटून थांबते आणि स्लाइड एकटी मागे जाते. तिची पूर्ण धाव साडेचार ते पाच सेंटिमीटरांची, आणि स्प्रिंग तिला तेवढेच अंतर परत पुढे आणते. म्हणजे सुमारे १०० मिलिमीटरांच्या येरझारीत कुलूप सुरुवातीचे दोन-तीन मिलिमीटर आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर एवढेच कामावर असते. उरलेल्या सगळ्या वाटेवर दुसरीच मंडळी राबतात. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याने रिकामी पुंगळी ओढायची, इजेक्टरने तिला खिडकीतून बाहेर फेकायचे, घोडा मागे दाबला जायचा, मॅगझीनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वेळेत वर उचलायचे, परतणाऱ्या स्लाइडने ते ढकलून उतरणीवरून चेंबरमध्ये बसवायचे. पुंगळी खिडकीत उभी अडकते, काडतुसाचे नाक उतरणीला टेकून राहते, स्लाइड पूर्ण मिटत नाही. गोळीबार थांबवणारे बहुतेक अडथळे या वाटेवर घडतात.

कुलूप अजिबात नसलेली पिस्तुले या हिशेबाची एक बाजू दाखवतात. जर्मनीचे १९२९ चे वॉल्थर पीपी किंवा सोव्हिएत सैन्याने १९५१ साली स्वीकारलेले माकारोव्ह यांत नळी फ्रेमला, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्याला, पक्की जोडलेली असते, आणि स्लाइडला रोखायला तिचे स्वतःचे वजन आणि स्प्रिंग एवढेच पुरते. माकारोव्हची ख्याती टणक आणि अडून न बसणाऱ्या पिस्तुलाची आहे. भाग मोजके, नळी स्थिर, काडतूस आखूड आणि गोलसर नाकाचे. मग भाग कमी तितका भरवसा जास्त, कुलूप नकोच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. त्यात तथ्य आहे, पण त्याची किंमतही पाहावी लागते. ही रचना चालते कारण माकारोव्हचे काडतूस पॅराबेलमपेक्षा कमी जोराचे आहे. जोर वाढला की बिनकुलपाच्या स्लाइडचा वेग वाढतो, पुंगळी चेंबरमध्ये दाब शिल्लक असतानाच ओढली जाते, आणि स्लाइड फ्रेमवर दणका देते. उपाय दोनच, स्लाइड जड करा किंवा स्प्रिंग कडक करा. स्पेनच्या सैन्याने १९२१ मध्ये घेतलेल्या अ‍ॅस्त्रा ४०० ने ९ मिलिमीटर लार्गोसारखे जोरदार काडतूस कुलपाविना पेलून दाखवले. त्यासाठी त्याची स्प्रिंग इतकी कडक ठेवावी लागली की स्लाइड मागे खेचायला मनगटात चांगला जोर हवा. म्हणजे ताण नाहीसा झाला नाही, तो स्लाइडच्या वजनावर आणि वापरणाऱ्याच्या हातावर गेला.

कुलूपवाल्या पिस्तुलांत आज सर्वत्र दिसणारी पद्धत जॉन मोझेस ब्राउनिंग यांची. १८५५ साली यूटामधल्या ऑग्डेन गावी जन्मलेल्या या बंदूककाराला १८९७ साली जी पेटंटे मिळाली, त्यांत नळी आणि स्लाइड यांना आडव्या कंगोऱ्यांनी जखडण्याची कल्पना होती. नळीच्या पाठीवर कंगोरे, स्लाइडच्या आतल्या छतावर त्यांच्या जोडीच्या खाचा. दोन्ही थोडे मागे सरकले की नळी खाली ओढली जाते, कंगोरे खाचांतून सुटतात. १९०० च्या कोल्टमध्ये नळी पुढून आणि मागून अशा दोन हलत्या कड्यांनी फ्रेमला जोडलेली होती, त्यामुळे ती समांतर खाली उतरे. या पिस्तुलातली स्लाइड फ्रेमवर टिकून राहायची ती पुढच्या बाजूच्या एका आडव्या पाचरीच्या आधाराने. पाचर दगा देती, तर स्लाइड थेट नेमबाजाच्या तोंडाकडे आली असती. १९११ च्या नमुन्यात ब्राउनिंगने पुढची कडी काढली, मागची एकच ठेवली आणि स्लाइड पुढून चढवण्याची रचना केली, म्हणजे ती मागे निसटायला वाटच उरली नाही. १९२६ साली ब्राउनिंग बेल्जियममध्ये वारले. त्यांचे अपुरे राहिलेले काम दियोदोने सेव्ह यांनी पुरे केले आणि १९३५ चे हाय-पॉवर तयार झाले. त्यात हलती कडी गेली. नळीच्या खालच्या दांड्यालाच तिरकस खोबण कापली आणि ती खोबणच नळीला खाली ओढण्याचे काम करू लागली. मोडण्याजोगा एक बारीक भाग कमी झाला. पुढे १९७० च्या दशकात सिगच्या पी२२० ने पाठीवरचे कंगोरेही वगळले. पुंगळी बाहेर टाकायला स्लाइडला खिडकी ठेवावीच लागते. नळीचा मागचा भाग चौकोनी करून तोच त्या खिडकीच्या पुढच्या कडेला टेकवला. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक १७ मध्येही हेच आहे.

ही पद्धत जगभर पसरली, याचा अर्थ तीच सर्वांत भरवशाची ठरली, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप हलका नाही. बाजाराने शंभर वर्षे जे निवडले त्यामागे काही कारण असणारच. पण ते कारण कारखान्यात शोधावे लागते. ब्राउनिंगच्या वाटेने गेल्यावर कुलपासाठी वेगळा भागच लागत नाही. स्लाइड आणि नळी या दोन वस्तू तशाही बनवायच्या असतात. त्यांच्या आकारातच कुलूप सामावते. स्लाइडच्या छताला आतून खाचा कोरणे हे नाजूक काम, खिडकीची कड सपाट छाटणे हे त्या मानाने सोपे. पिस्तूल अरुंद राहते, खालच्या बाजूला जागा वाचते, खर्च उतरतो. विश्वसनीयतेला याचा फायदा होतो तो आडवळणाने : मोठा सपाट टेकू झिजला तरी हळूहळू झिजतो आणि भाग साधा असल्याने लाखो नग सारख्या मापाचे निघतात. खाली उतरलेल्या नळीचे तोंड मॅगझीनकडे जरा झुकते, त्यामुळे काडतूस चढवताना मदत होते, असाही दावा केला जातो. बेरेटाचे समर्थक उलट सांगतात की सरळ राहणाऱ्या नळीत काडतूस जवळजवळ रेषेतच शिरते. दोन्ही दावे खरे आहेत, आणि ते एकाच वेळी खरे असू शकतात हेच १९८४ च्या निकालाने दाखवले.

लुगरचे उदाहरण माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जाते. गेऑर्ग लुगर यांनी ह्यूगो बोरखार्ट यांच्या १८९३ च्या पिस्तुलावरून घडवलेले हे शस्त्र स्वित्झर्लंडने १९०० साली आणि जर्मन सैन्याने १९०८ साली घेतले. त्याचे कुलूप मॅक्झिम मशीनगनच्या वळणाचे, दोन दांड्यांच्या सांध्याचे. सांधा सरळ रेषेत असतो तोवर ताठ केलेल्या गुडघ्याप्रमाणे तो मागून येणारा सगळा जोर झेलतो. नळीसह काही मिलिमीटर मागे आल्यावर त्याच्या गोल मुठी फ्रेमवरच्या उतारांना आपटतात, सांधा वर मोडतो आणि मग बोल्ट मोकळा मागे धावतो. लुगर काडतुसांच्या बाबतीत चोखंदळ म्हणून ओळखले जाते आणि इथे दोष कुलपाचाच, असे म्हणता येईल. ते मी अर्धे मान्य करतो. सांधा मोडायला ठरावीक जोर लागतो. काडतूस अशक्त असेल तर सांधा अर्ध्यात थांबतो. शिवाय हलणारे भाग हलके, त्यामुळे चक्र फार जलद आणि मॅगझीनला पुढचे काडतूस वर आणायला वेळ कमी. म्हणून त्याच्या मॅगझीनची स्प्रिंग कडकच लागते. पण नीट पाहिले तर अडथळा येतो तो काडतूस आणि मॅगझीन यांच्यातून. सांधा स्वतः पक्का आहे, दाब उत्तम झेलतो. तो फक्त इतर भागांकडून जास्त काटेकोरपणा मागतो. ठरल्या मापाची काडतुसे आणि चांगली मॅगझिने मिळाली तेव्हा याच पिस्तुलाने दोन महायुद्धे काढली. जर्मनांनी १९३८ मध्ये वॉल्थर पी३८ निवडले, तेव्हा लुगर घडवायला लागणारे कौशल्याचे तास आणि त्याचा खर्च हे त्यामागचे वजनदार कारण होते.

दुसरा आक्षेप १९११ च्या प्रसिद्ध चाचणीचा. त्या मार्च महिन्यात अमेरिकन सैन्याने कोल्ट आणि सॅव्हेज या दोन .४५ पिस्तुलांची अखेरची तुलना केली. प्रत्येकी एका पिस्तुलातून ६,००० गोळ्या. ठरावीक अंतराने थंड करायचे, दर हजार गोळ्यांनी साफ करून तेल द्यायचे. कोल्ट एकदाही अडले नाही, सॅव्हेज ३७ वेळा अडखळले. सॅव्हेजची नळी अगदी थोडी फिरून सुटत असे, कोल्टची खाली झुकत असे; म्हणजे झुकणाऱ्या नळीचा विजय झाला, असे अनेक पुस्तकांत सूचित केलेले असते. पण त्याआधीची चार वर्षे वगळली तरच असा निष्कर्ष निघतो. १९०७ च्या चाचणीत दोन्ही पिस्तुलांत उणिवा निघाल्या होत्या, आणि त्या वेळचे कोल्टही नळी झुकवणारेच होते. त्यानंतर सैन्यातल्या घोडदळाच्या हाती देऊन, तक्रारी ऐकून कोल्ट पुन्हा पुन्हा बदलले गेले. कड्या दोनाच्या एक झाल्या, पकडीचा कोन बदलला, सुरक्षा खटके आले. १९११ मध्ये जिंकली ती चार वर्षे घासूनपुसून घेतलेली एक वस्तू. तेच तत्त्व १९०७ मध्येही होते, आणि तेव्हा ते पुरले नव्हते.

याच काळातले ब्रिटिश वेब्ली पिस्तूल हा मुद्दा अधिक स्पष्ट करते. ब्रिटिश नौदलाने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर घेतलेल्या या .४५५ पिस्तुलातही नळी खालीच उतरायची, फक्त तिरकस कंगोऱ्यांवरून घसरत. तत्त्वाने ते ब्राउनिंगच्या फार जवळचे. पण भाग इतके घट्ट बसवलेले होते की चिखल-मातीत ते सहज अडे. त्याच्या कुलपात दोष नव्हता. दोन पृष्ठभागांच्या मध्ये धूळ मावायला जागा नव्हती. उलट बाजूने पाहा. फिरणाऱ्या नळीचे कुलूप ऑस्ट्रियाच्या स्टायर १९१२ मध्ये होते, आणि ते पहिल्या महायुद्धात लढून १९३८ नंतर ९ मिलिमीटर पॅराबेलमसाठी बदलून पुन्हा वापरले गेले, इतके टिकले. तेच तत्त्व १९९१ साली कोल्टने ऑल अमेरिकन २००० या पिस्तुलात आणले. त्याच्या आराखड्यामागे एम-१६ रायफलीचे जनक यूजीन स्टोनर होते, तरीही ते सदोष ठरले आणि १९९४ मध्ये उत्पादन थांबले. पुढे बेरेटाच्या पीएक्स४ ने फिरणारी नळी पुन्हा यशस्वी करून दाखवली. एकाच तत्त्वाची तीन पिस्तुले, एक खंबीर, एक फसलेले, एक चांगले. तत्त्वच भरवसा ठरवत असते तर हे असे वेगवेगळे निकाल आले नसते.

आता माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग, म्हणजे कुलूप बिघाडाची जागा ठरवते. वॉल्थर पी३८ मध्ये नळीखाली झुलणारा ठोकळा आला. त्याच्या दोन्ही बाजूंचे पंख स्लाइडच्या भिंतींतल्या खाचांत बसतात. मागे सरकताना एक छोटी दांडी ठोकळ्याला खाली दाबते, पंख खाचांतून निघतात, नळी सरळच राहते. बेरेटाने हे तत्त्व १९५० च्या दशकात उचलले आणि ९२ मध्ये ते जगभर पोहोचले. या रचनेत गोळीचा सगळा दणका त्या दोन छोट्या पंखांवर आणि स्लाइडच्या पातळ भिंतींवर येतो. बेरेटाची स्लाइड वरून उघडी, त्यामुळे पुंगळ्या सुरेख बाहेर पडतात आणि त्या अडकण्याचे प्रकार कमी होतात. पण तोच उघडेपणा स्लाइडला खाचेपाशी नाजूक करतो. १९८७-८८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या विशेष पथकांत आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत काही स्लाइड मोडल्या, आणि त्या मोडल्या बरोबर ठोकळ्याच्या खाचेजवळ. मागचा तुकडा नेमबाजाच्या तोंडावर आला. पोलादाचा चिवटपणा कमी पडला की काडतुसांचा दाब जादा होता, यावर दोन्ही बाजूंचा वाद झाला. उपाय म्हणून घोड्याच्या पिनचे डोके मोठे केले आणि स्लाइडमध्ये त्याच्यासाठी खोबण दिली, म्हणजे स्लाइड मोडली तरी तिचा मागचा तुकडा फ्रेमवरच अडतो. हेच ९२एफएस. चाचणीत क्वचितच अडणारे पिस्तूल दीर्घ वापरानंतर मोडू शकते, ही गोष्ट विश्वसनीयतेच्या एकाच आकड्यात सांगता येत नाही. अडणे आणि मोडणे हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिल्यात मॅगझीन, काडतूस आणि धूळ यांचा वाटा मोठा. कुलूप आपला जास्त वाटा दुसऱ्यात टाकते.

वायूच्या दाबाने स्लाइड रोखणाऱ्या हेक्लर-कॉखच्या पी७ चा स्वभाव आणखी वेगळा. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हत्याकांडानंतर पश्चिम जर्मनीतल्या पोलिसांनी नवी पिस्तुले शोधली, त्यांतले हे एक. नळीतून थोडा वायू खालच्या नळकांड्यात उतरतो आणि स्लाइडला जोडलेल्या दट्ट्याला पुढे दाबून धरतो; गोळी गेली, दाब उतरला की स्लाइड सुटते. नळी फ्रेमला स्थिर, त्यामुळे नेम अचूक. पण तो वायू तापलेला असतो, आणि लागोपाठ गोळ्या झाडल्या की चापाच्या वरची जागा बोटाला चटका देण्याइतकी गरम होते. साध्या शिशाच्या गोळ्या वापरल्या तर वायूच्या बारीक भोकात मळ साठतो. कड्या, कंगोरे, ठोकळे यांतले काहीच यात मोडत नाही, कारण ते नाहीतच. पण उष्णता आणि काजळी यांनी नवी जागा घेतली.

काडतुसाचा आणि मॅगझीनचा वाटा किती मोठा, हे अमेरिकन सैन्याच्याच दोन अनुभवांतून दिसते. इराक युद्धात बेरेटा अडत असल्याच्या तक्रारी आल्या. त्यात कुलपाचा संबंध नव्हता. सैन्याने पुरवलेल्या काही मॅगझिनांना आतून खरखरीत फॉस्फेटचा लेप होता, त्यात वाळू धरून राही आणि काडतुसे वर सरकेनात. गुळगुळीत लेपाची मॅगझिने आल्यावर तक्रार ओसरली. दुसरा अनुभव २०१७ मध्ये निवडलेल्या सिग पी३२० चा, ज्याचे लष्करी नाव एम१७. पेंटागॉनच्या चाचणी विभागाने त्या वर्षीच्या अहवालात नोंदवले की साध्या, पूर्ण धातूच्या आवरणाच्या गोळ्यांबरोबर पिस्तूल जास्त वेळा अडते आणि कधी कधी रिकाम्या पुंगळीसोबत एक जिवंत काडतूसही बाहेर फेकले जाते. खास कामाच्या दुसऱ्या काडतुसांबरोबर अडथळे कमी. पिस्तूल तेच, कुलूप तेच, स्प्रिंग तीच. बदलली ती फक्त गोळी. भारतीय सैन्याचे ९ मिलिमीटर १ए पिस्तूल ही बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारी हाय-पॉवरचीच आवृत्ती, आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याने ९ मिलिमीटर काडतुसे दीर्घकाळ बनवली आहेत. त्या काडतुसाच्या बुडावरचा ‘केएफ’ शिक्का ओळखणाऱ्याला पिस्तुलाच्या भरवशाची अर्धी चर्चा इथे, पुण्याजवळ, दारूच्या वजनात आणि पुंगळीच्या मापात होत असते, हे पटायला जड जाऊ नये.

कुलपाला पूर्ण मोकळे सोडावे, असा याचा अर्थ नाही. झिजलेले कुलूप वेळ चुकवते, आणि वेळ चुकली की उरलेल्या वाटेवरचे सगळे बिघडते. १९११ च्या कडीचे भोक लांबले की नळी उशिरा खाली येते, कंगोरे पूर्ण सुटण्याआधीच स्लाइड ओढ घेते आणि कंगोऱ्यांच्या कडा गोल होऊ लागतात. बेरेटाच्या ठोकळ्याच्या पंखांना भेग गेली, तर एखाद्या दिवशी पंख तुटतो आणि पिस्तूल जागीच जाम होते. ग्लॉकसारख्या हलक्या प्लास्टिक फ्रेमच्या पिस्तुलात आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे मनगटाचा आधार. स्लाइड फ्रेमच्या तुलनेत मागे यायला हवी, आणि हाताची पकड ढिली असेल तर फ्रेमही तिच्याबरोबर मागे येते. स्लाइडची धाव अपुरी पडते, पुंगळी अडकते. या सगळ्याचा व्यावहारिक परिणाम पोलीस किंवा सैन्याच्या शस्त्रागारात दिसायला हवा. निविदेत कुलपाच्या प्रकारावर पानेच्या पाने लिहिण्यापेक्षा तिथल्या नोंदवहीत प्रत्येक पिस्तुलाने किती गोळ्या झाडल्या हे लिहिलेले असणे जास्त मोलाचे आहे. बेरेटा स्वतः ९२ ची रिकॉइल स्प्रिंग दर पाच हजार गोळ्यांनंतर बदलायला सांगते, कारण थकलेल्या स्प्रिंगमुळे स्लाइडचा दणका थेट फ्रेमवर आणि त्या ठोकळ्यावर पडतो. ती स्प्रिंग हा पिस्तुलातल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे, आणि ती वेळेवर बदलली नाही तर ठोकळ्याच्या पंखांचे आयुष्य किती उरले, हे कोणत्याही चाचणी अहवालात वाचून कळणार नाही.